कमी पैशांत कामाचा लॅपटॉप : काय पाहावं, काय सोडावं

(नंदुरबार येथे झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय साधा आहे. घरात रोजच्या कामाला एक लॅपटॉप हवाय, हातात वीस-पंचवीस हजार रुपये आहेत, तर घ्यायचा कोणता? हा प्रश्न आम्हाला वर्षभर कुणी ना कुणी विचारत असतं. बारावीचा निकाल लागला की जरा जास्तच. प्रश्न बहुतेक वेळा असा येतो, "सर, कुठली कंपनी चांगली?" आम्ही आज कंपनीचं नाव सांगणार नाही. कंपनी एकच असली तरी तिचं एक मॉडेल पाच वर्षं चालतं आणि दुसरं पाच महिन्यांत रडवतं. म्हणून पाहायचं काय, ते सांगणार आहोत.

आपल्या जिल्ह्याला या बाबतीत एक मान मिळालेला आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले ते शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात. तेव्हापासून आपली कामं एकेक करून पडद्यावर सरकत गेली. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर, दाखले आपले सरकारवर, परीक्षेचा फॉर्म ऑनलाइन, शेतीच्या योजनेचा अर्जही ऑनलाइन. त्यातलं निम्मं मोबाइलवर होतं, हे खरं. पण कॉलेजचा तीस पानांचा प्रकल्प अहवाल, बचत गटाच्या हिशेबाचा तक्ता, एका मर्यादेत बसवायची पीडीएफ, टायपिंगची परीक्षा, ही कामं मोबाइलवर करून पाहा. डोळे आणि वेळ दोन्ही जातात.

आधी एक प्रसंग सांगतो. धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावरची मुलगी कॉलेजला आली. वडिलांनी शेळ्या विकून नवाकोरा लॅपटॉप घेऊन दिला. दिसायला छान, पातळ, हलका. तिसऱ्या महिन्यात ती आमच्याकडे आली आणि म्हणाली, "सर, मला कम्प्युटर जमत नाही. बाकीच्या मुलींचं पटकन होतं, माझं होतच नाही." आम्ही लॅपटॉप उघडला. चालू व्हायला चहा पिऊन व्हावा एवढा वेळ. ब्राउझर उघडला की बाकीचं सगळं गोठायचं. जागा संपली म्हणून अपडेट अर्ध्यावर अडकलेलं. तिचं काही चुकत नव्हतं. मंद होतं ते यंत्र, पण दोष तिनं स्वतःच्या माथी घेतला होता.

मंडळी, चुकीच्या लॅपटॉपचं खरं नुकसान हे आहे. पैसे जातात ते जातातच. पण ज्याच्या घरात पहिल्यांदाच कम्प्युटर आलाय, त्याच्याकडे ताडून पाहायला दुसरं यंत्र नसतं. त्याला वाटतं, आपणच कमी पडतोय. म्हणून आजचं हे बोलणं.

आधी काम लिहून काढा

दुकानात जाण्याआधी एक कागद घ्या आणि लॅपटॉपवर काय करणार ते लिहा. बहुतेकांची यादी अशीच निघते : फॉर्म भरणं, टायपिंग, एक्सेल, पीडीएफ, व्याख्यानं आणि व्हिडिओ पाहणं, ऑनलाइन वर्ग, थोडं प्रोग्रॅमिंग. यातल्या एकाही कामाला महागडं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. व्हिडिओ एडिटिंग, कॅड, मोठे खेळ, ही यादी वेगळी आणि तिचं बजेटही वेगळं. आज आपण पहिल्या यादीपुरतंच बोलू.

रोजच्या कामाचा वेग तीन गोष्टींवर ठरतो : रॅम, स्टोरेज आणि प्रोसेसर. स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. स्टोरेज म्हणजे कोठी, जिथं सगळं सामान कायमचं राहतं. रॅम म्हणजे ओटा, आत्ता जे शिजवायचं तेवढंच त्यावर काढलेलं. प्रोसेसर म्हणजे काम करणारे हात. हात कितीही चपळ असले आणि ओटा वीतभर असला, तर दर दोन मिनिटांनी एक भांडं कोठीत ठेवायचं आणि दुसरं आणायचं, असं होतं. त्यात कोठीचं दारच अरुंद असलं तर बघायलाच नको. रॅम भरली की कम्प्युटर नेमकं हेच करतो. ओट्यावर न मावलेलं स्टोरेजमध्ये टाकतो आणि लागेल तेव्हा पुन्हा ओढून आणतो. स्टोरेज मंद असेल तर सगळं ठप्प. त्या मुलीच्या लॅपटॉपचं हेच झालं होतं. रॅम ४ जीबी आणि स्टोरेज ६४ जीबीचं ईएमएमसी.

म्हणून पहिला नियम : रॅम ८ जीबीपेक्षा कमी घेऊ नका. दुसरा नियम : स्टोरेज एसएसडी हवं, निदान २५६ जीबी. हे दोन जमले की मग प्रोसेसरकडे वळायचं. जाहिरातीत नेमकं उलटं असतं. प्रोसेसरचा स्टिकर मोठा आणि रॅमचा आकडा कोपऱ्यात.

स्टोरेजचे तीन प्रकार भेटतात. जुनी हार्ड डिस्क, तिच्यात फिरणारी तबकडी असते. ती मंद असते आणि धक्का लागला तर खराब होते. ईएमएमसी म्हणजे मोबाइलसारखी बोर्डावर कायमची बसवलेली चिप. ती बदलता येत नाही. एसएसडी यात सगळ्यात वेगवान, आणि बहुतेक लॅपटॉपमध्ये काढून दुसरी घालता येते. जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली तर तोच लॅपटॉप ओळखू येत नाही, इतका फरक पडतो.

ओली मिरची आणि सुकी मिरची

नंदुरबारच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. बाजार समितीत मिरची येते ती ओली. पथारीवर वाळली की वजन कितीतरी उतरतं. व्यापारी ओली घेतानाच सुकीचा हिशेब करतो.

खोक्यावरचा आकडा हे ओल्या मिरचीचं वजन आहे. खोक्यावर ६४ जीबी लिहिलेलं असतं. मोजण्याच्या पद्धतीतल्या फरकामुळे विंडोज ते साठाच्या आतच दाखवतं. त्यातली निम्म्याच्या आसपास जागा विंडोज आणि त्याच्या सोबतच्या गोष्टी खातात. मोठं अपडेट आलं की त्यालाही मोकळी जागा लागते. तुमच्या फायलींना उरतं ते सुकं वजन. विंडोज ११ ची किमान अट ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज अशीच आहे, त्यामुळे दुकानदार "विंडोज ११ चालतं" म्हणतो ते खोटं नसतं. पण चालू होणं वेगळं आणि त्यावर बसून काम करता येणं वेगळं.

प्रोसेसरचं नाव कसं वाचायचं

"आय-फाइव्ह आहे" एवढंच कुणी सांगितलं तर त्याला काही अर्थ नाही. साल विचारल्याशिवाय आपण ट्रॅक्टर घेतो का? प्रोसेसरचं साल त्याच्या नंबरात असतं. इंटेलच्या आय-थ्री, आय-फाइव्ह यांच्यापुढे चार किंवा पाच आकडे असतात. ८२५० किंवा ८३५० असेल तर पहिला अंक ८, म्हणजे आठवी पिढी. सुरुवात १०, ११, १२ अशी असेल तर पहिले दोन अंक पिढी सांगतात : ११३५ म्हणजे अकरावी, १२१५ म्हणजे बारावी.

आता एक गंमत बघा. सेलेरॉन एन४०२० हा २०१९ सालचा प्रोसेसर, त्याला दोन कोर. कोअर आय-फाइव्ह ८२५०यू हा २०१७ सालचा, त्याला चार कोर आणि आठ थ्रेड. म्हणजे दोन वर्षं जुना आय-फाइव्ह कामाला नव्या सेलेरॉनपेक्षा कितीतरी पुढे. नवीन म्हणजे वेगवान, असं गृहीत धरू नका.

एएमडीच्या रायझनमध्येही असाच पेच आहे. रायझन ३ ७३२०यू घ्या. पहिला ७ पाहून वाटतं, अगदी ताजा असणार. पण या मालिकेत तिसरा अंक आतली रचना सांगतो. तो २ आहे, म्हणजे झेन २, आणि ती रचना २०१९ ची. रोजच्या कामाला हा प्रोसेसर वाईट नाही. फक्त ७ या आकड्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

नवा की वापरलेला?

आमच्या मते वीस-पंचवीस हजारांच्या आत बऱ्याचदा वापरलेला बिझनेस लॅपटॉप हा नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा चांगला ठरतो. याचं कारण समजून घ्या.

मोठ्या कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांसाठी शेकड्यांनी लॅपटॉप घेतात. लेनोवोचं थिंकपॅड, डेलचं लॅटिट्यूड, एचपीचं एलीटबुक, या त्यासाठीच्या मालिका. नवे असताना ते महाग असतात. तीन-चार वर्षांनी कंपनी सगळे एकदम बदलते, मग हे लॅपटॉप व्यापाऱ्यांकडे येतात. ते साफ करून, तपासून, लागेल तो भाग बदलून पुन्हा विकतात. याला रिफर्बिश्ड म्हणतात. यांची बिजागरी दणकट, कीबोर्ड चांगला, बहुतेकांचं मागचं झाकण स्क्रूने उघडतं, रॅम आणि एसएसडी बदलता येते, सुटे भाग मिळतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर यांची दुकानं आहेत, आपल्याला जवळच्या सुरतेत आहेत, आणि ऑनलाइनही मिळतात.

इथं एक सीमा लक्षात ठेवा : इंटेलची आठवी पिढी. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, लॅपटॉपच्या रायझनमध्ये साधारण ३००० मालिकेपासून पुढचा, आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा सोय. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे लॅपटॉप बाजारात फार स्वस्तात दिसतील. विंडोजच वापरायचं असेल तर ते घेऊ नका. लिनक्स वापरणार असाल तर गोष्ट वेगळी, तिच्याकडे पुढे येऊ.

किमतीचा हिशेब असा करा. उदाहरणादाखल धरू, अठरा हजारांचा नवा लॅपटॉप दीड वर्षात निरुपयोगी झाला, तर महिन्याला हजार रुपये पडले. चोवीस हजारांचा वापरलेला घेतला, मध्ये तीन हजारांची बॅटरी बदलली आणि तो पाच वर्षं चालला, तर महिन्याला साडेचारशे पडले.

दुकानात बसून अर्धा तास

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा माणूस काय करतो? दात बघून वय ओळखतो, चालवून बघतो, पळवून बघतो, खूर उचलून बघतो. रंग आणि साज यांच्यावर भुलत नाही. वापरलेला लॅपटॉप तसाच घ्यायचा. दुकानदाराला आधीच सांगा, "भाऊ, अर्धा तास बसून तपासणार." नाही म्हणाला तर दुसरं दुकान.

पहिलं, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स या भागात प्रोसेसरचं पूर्ण नाव, रॅम किती, रॅमच्या जागा किती आणि त्यातल्या किती भरल्यात, हे दिसतं. एक जागा मोकळी असेल तर उत्तम, पुढे रॅम वाढवता येईल.

दुसरं, बॅटरी. कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी, मग एक जागा सोडून तिरपी रेघ आणि बॅटरीरिपोर्ट, असं इंग्रजीत टाइप करा. एक फाइल तयार होते. त्यात नवी असतानाची क्षमता आणि आत्ता पूर्ण चार्ज झाल्यावरची क्षमता, असे दोन आकडे असतात. आत्ताचा आकडा मूळच्या ८० टक्क्यांच्या वर असेल तर छान. ६० च्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करायला सांगा.

तिसरं, एसएसडी. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर घेऊन जा. तो एसएसडीची तब्येत टक्क्यांत सांगतो.

चौथं आणि फार महत्त्वाचं, कंपनीचं कुलूप. काही लॅपटॉप जुन्या कंपनीच्या ताब्यातून नीट सोडवलेले नसतात. दुकानातच विंडोज रिसेट करायला लावा आणि सुरुवातीच्या सेटअपमध्ये इंटरनेट जोडा. एखाद्या अनोळखी संस्थेचं नाव दाखवून लॉगिन मागितलं, तर तो लॅपटॉप तिथंच ठेवून या. बायोसला पासवर्ड असेल तरी तेच.

पाचवं, अंगानं तपासा. कीबोर्डचं प्रत्येक बटण दाबा. प्रत्येक यूएसबीमध्ये पेन ड्राइव्ह घाला. हेडफोन, कॅमेरा, माइक, वायफाय बघा. पडदा पूर्ण पांढरा करून डाग बघा. झाकण उघडताना बिजागरी कुरकुरते का? सपाट टेबलावर ठेवल्यावर डुगडुगतो का? तळ किंवा टचपॅड फुगलेलं दिसलं तर आतली बॅटरी फुगली असण्याची शक्यता आहे. तो घ्यायचाच नाही, ती धोक्याची खूण आहे.

सहावं, चार्जर. वापरलेल्या लॅपटॉपसोबत बरेचदा नकली चार्जर येतो. त्यावर भारतीय मानक ब्युरोची खूण, आयएस १३२५२ हा क्रमांक आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, ते बघा.

खैरातच्या वाडीतला लॅपटॉप

खेड्यातला लॅपटॉप कसा असावा, याचा विचार जगात एकदा फार गांभीर्यानं झाला होता. अमेरिकेतल्या एमआयटीचे निकोलस नेग्रोपाँटे यांनी २००५ मध्ये 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' ही कल्पना मांडली. किंमत ठरवली होती शंभर डॉलर. प्रत्यक्षात ती जवळजवळ दुप्पट झाली. भारत सरकारने २००६ मध्येच ही योजना नाकारली. तरी २००७ मध्ये तिचा एक छोटा प्रयोग आपल्या महाराष्ट्रात झाला, रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात धनगरवाड्याच्या शाळेत. हिरव्या-पांढऱ्या रंगाचे ते एक्सओ लॅपटॉप तिथल्या लहान मुलांच्या हातात आले.

ती योजना भारतात पसरली नाही. पण लॅपटॉप बनवणाऱ्यांनी जे प्रश्न स्वतःला विचारले होते, ते आजही आपल्या कामाचे आहेत. उन्हात पडदा दिसेल का? वीज कमी असली तर भागेल का? धूळ आणि पाणी कीबोर्डमध्ये जाईल का? बिघडला तर जवळपास दुरुस्त होईल का? एक्सओचा पडदा उन्हात वाचता यायचा, कीबोर्ड रबरानं बंद केलेला होता, फिरणारी हार्ड डिस्क नव्हती, वीज फार थोडी लागायची. आपल्याला तसा लॅपटॉप दुकानात मिळणार नाही. पण तेच चार प्रश्न दुकानात विचारता येतील.

आपलं ऊन, आपली वीज

ऊन. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. लिथियम बॅटरीचं आयुष्य उष्णतेनं कमी होतं. लॅपटॉप गोधडीवर किंवा गादीवर ठेवून चालवू नका, खालची हवेची जाळी बंद होते. पत्र्याच्या घरात दुपारी तो पेटीत कोंडून ठेवू नका. सतत चार्जिंगला लावून वापरत असाल, तर बऱ्याच बिझनेस लॅपटॉपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते, ती सुरू करा. पडदा शक्यतो आयपीएस प्रकारचा आणि १९२० बाय १०८० चा घ्या. जुन्या टीएन पडद्याकडे जरा बाजूनं पाहिलं की रंग उडालेले दिसतात.

वीज. लॅपटॉपचा चार्जर साधारण १०० ते २४० व्होल्टवर चालतो, त्यामुळे व्होल्टेज कमी झालं तर फारसं बिघडत नाही. घात करतो तो गेलेली वीज परत येतानाचा झटका आणि पावसाळ्यातली वीज कडाडणं. चांगला स्पाइक गार्ड घ्या आणि ढग गडगडायला लागले की प्लग काढा. लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर बहुतेक वेळा घराला अर्थिंग नसतं. ते आधी करून घ्या. एक जमेची बाजू म्हणजे लिहिण्या-वाचण्याच्या कामाला लॅपटॉप दहा-वीस वॅटच्या आसपास वीज घेतो, म्हणजे घरचा छोटा इन्व्हर्टरही त्याला पुरतो.

रेंज. सातपुड्यातल्या अनेक पाड्यांवर रेंज टेकडीवर जाऊन शोधावी लागते. म्हणून जे काम इंटरनेटशिवाय चालतं, असेच प्रोग्रॅम घाला. गावात रेंजमध्ये आल्यावर लागतं ते उतरवून घ्या. यासाठीही स्टोरेज मोठं हवं.

दुरुस्ती. नवा घेत असाल तर कंपनीच्या संकेतस्थळावर आपला पिनकोड टाकून बघा, घरी येऊन सेवा मिळते की लॅपटॉप शहरात न्यावा लागतो. धडगावहून घाट उतरून यायचं म्हणजे दिवस मोडतो आणि मजुरी बुडते. तो खर्चही किमतीत धरा.

विंडोज, लिनक्स आणि मराठी

लिनक्सचं नाव ऐकून घाबरू नका. उबुंटू किंवा लिनक्स मिंट या मोफत प्रणाली आहेत. ब्राउझर, टायपिंग, पीडीएफ, व्हिडिओ, सगळं त्यावर होतं. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षं सुरक्षा अपडेट मिळतात. अडचण येते ती एखादा खास प्रोग्रॅम फक्त विंडोजवरच चालतो तेव्हा, म्हणजे काही अकाउंटिंग पॅकेज किंवा परीक्षेचं सॉफ्टवेअर. आपल्या यादीत असं काही आहे का, ते आधी बघा. ऑफिसच्या कामाला लिबरऑफिस मोफत आहे आणि त्याचे मेनू मराठीतही मिळतात. दुकानदारानं फुकट घालून दिलेलं चोरीचं सॉफ्टवेअर मात्र नको. व्हायरस बरेचदा त्यातूनच येतो.

मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड विंडोज आणि लिनक्स दोन्हींत आधीपासून असतो, फक्त सेटिंगमध्ये जाऊन सुरू करायचा. युनिकोडमध्येच टाइप करायची सवय लावा. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या यंत्रावर नेला की अक्षरांचा खिचडा होतो. युनिकोडचं तसं होत नाही.

बिल, हप्ते आणि हक्क

बिलाशिवाय लॅपटॉप घेऊ नका, वापरलेलाही नाही. बिलावर सीरियल नंबर हवा आणि तो लॅपटॉपच्या तळाशी असलेल्या नंबराशी जुळायला हवा. वॉरंटी किती महिने आणि कशाकशाची, हेही बिलावर लिहून घ्या. तोंडी शब्दावर विसंबू नका. हप्त्यांवर घेत असाल तर महिन्याचा हप्ता गुणिले महिने, अधिक प्रक्रिया शुल्क, अशी बेरीज करा आणि ती रोख किमतीशेजारी ठेवून बघा. चोवीस हजारांचा लॅपटॉप २,४०० च्या बारा हप्त्यांनी २८,८०० ला पडतो.

फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथून सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी तिथं शुल्क लागत नाही. पण हातात बिल हवं.

श्रोत्यांचे प्रश्न

एका ताईंनी विचारलं, "आमच्या बचत गटाला फक्त हिशेब ठेवायचाय. एवढं सगळं लागेल का?" ताई, हिशेबाला प्रोसेसर साधा चालेल. पण ८ जीबी रॅम आणि एसएसडी हे दोन सोडू नका. गटाचं काम दहा जणींच्या हातून होतं, त्यामुळे कीबोर्ड आणि बिजागरी मजबूत असलेला वापरलेला बिझनेस लॅपटॉपच घ्या. आणि दर महिन्याला हिशेबाची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून ठेवा.

एका गुरुजींनी विचारलं, "टॅबलेटला कीबोर्ड जोडला तर?" गुरुजी, वाचायला आणि पाहायला उत्तम. पण मुलाला एक्सेल, प्रोग्रॅमिंग किंवा टायपिंग शिकायचं असेल तर लवकरच अडेल.

मागच्या रांगेतल्या एका दादाचा प्रश्न होता, "४ जीबीचा आधीच घेऊन बसलोय. आता काय करू?" दादा, आधी टास्क मॅनेजर उघडून रॅमची जागा मोकळी आहे का बघा. मागचं झाकण उघडून एसएसडी बसते का, ते जाणकाराकडून तपासून घ्या. बसत असेल तर थोड्या खर्चात लॅपटॉप सुधारेल. दोन्ही बोर्डाला कायमचं चिकटवलेलं असेल, तर हलकं लिनक्स घाला.

त्या मुलीच्या लॅपटॉपचं आम्ही हेच केलं. त्याची रॅम आणि स्टोरेज दोन्ही बोर्डावर चिकटवलेली होती, बदलण्यासारखं काही नव्हतं. लिनक्स मिंटची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती घातली, लिबरऑफिस घातलं, इनस्क्रिप्ट सुरू करून दिला. लॅपटॉप वेगवान झाला असं आम्ही म्हणणार नाही. ब्राउझरमध्ये तीन-चार खिडक्या उघडल्या की अजूनही दम लागतो. पण लिहिण्याचं काम नीट होऊ लागलं. प्रकल्प अहवाल तिनं स्वतः टाइप केला. आता तिच्या पाड्यावरची पुढची पोरं कॉलेजला निघाली की त्यांचे वडील आधी तिला विचारतात, कोणता घ्यायचा म्हणून. ती सांगते, "काका, आधी रॅम किती ते विचारा."

एवढंच.